लेपा : कारवार किनाऱ्यावरील मासेमारीच्या पद्धती

समुद्रतळाच्या गाळात वा वाळूत पडून राहणारा चपटा मासा. कारवार-अंकोल्यापासून जोयडा, खानापूर, बेळगावपर्यंतच्या मराठी व कोकणी बोलणाऱ्यांत त्याला ‘लेप’, ‘लेपा’ किंवा ‘लेपो’ म्हणतात, कानडीत ‘नंगु’. बेळगाव जिल्ह्याला किनारा नाही. तेथील बाजारात येणारा लेपा घाटाखालचा, कारवारचा किंवा गोव्याचा असतो. म्हणून ही नोंद मुख्यतः कारवारच्या पाण्याविषयी आहे. कारवार ज्यात येते तो उत्तर कानडा जिल्हा १८६२ मध्ये मुंबई इलाख्याला जोडला गेला आणि १ नोव्हेंबर १९५६ रोजी म्हैसूर (आजच्या कर्नाटक) राज्यात गेला.

नावाची व्युत्पत्ती : बहुतेक भाषांनी या माशात जीभ पाहिली. ‘सायनोग्लॉसस’ या शास्त्रीय नावाचा अर्थ ‘कुत्र्याची जीभ’. पोर्तुगीज ‘लिंग्वादो’ जिभेवरूनच आला. तमिळमध्येही ‘नाक्कु’ म्हणजे जीभ. मराठी-कोकणीने मात्र वेगळी वाट धरली. ‘लिप्’ (माखणे, सारवणे) या संस्कृत धातूपासून झालेला ‘लेप’ शब्द तळाला सारवल्यासारख्या चिकटलेल्या देहाला चपखल बसतो आणि ही व्युत्पत्ती ग्राह्य वाटते. तथापि ध्वनिसाम्यावरून मागाहून सुचलेला अर्थ असण्याची शक्यताही सोडून देता येत नाही.

जातिनिश्चिती : मोठ्या प्रमाणावर मिळणारा लहान लेपा कोणत्या जातीचा, याविषयी जुन्या लेखनात घोळ आहे. १९५०-६० च्या सुमारास भारतीय अभ्यासक त्याला ‘सायनोग्लॉसस सेमिफॅसिएटस’ म्हणत. हे नाव मत्स्यशास्त्रज्ञ फ्रान्सिस डे याने १८७७ मध्ये दिले होते. पुढे हा मासा मत्स्यशास्त्रज्ञ नॉर्मनने १९२८ मध्ये वर्णिलेला ‘सायनोग्लॉसस मॅक्रोस्टोमस’ असल्याचे मानले जाऊ लागले. मत्स्यशास्त्रज्ञ ए. जी. के. मेनन यांच्या १९७७ च्या प्रबंधात या दोन जाती वेगळ्या धरल्या आहेत व येथे तेच मत स्वीकारले आहे. त्यामुळे जुन्या अहवालांतील ‘सेमिफॅसिएटस’ वाचताना बहुधा आपला नेहमीचा वीतभर लेपाच समजावा. ‘भाकस’ (सेटोडेस एरुमेई) याचाही चपट्या माशांतच समावेश होतो. पण तो आकाराने बराच मोठा, रुंद तोंडाचा आणि दाताळ असतो. त्याचे डोळे कधी डाव्या, तर कधी उजव्या बाजूला असतात. लेप्याचे मात्र डावीकडेच.

हा फरक धरण्याच्या पद्धतीत थेट उतरतो. भाकस जिवंत कोळंबी लावलेल्या गरीला (गळाला) लागतो, कारण तो भक्ष्यावर झेप घेतो. लेप्याचे तोंड बारीक व वाकडे. तो गाळातले किडे आणि कवचधारी बारीक जीव टिपतो, त्यामुळे गरवून तो क्वचितच मिळतो. त्याला तळावरून खरवडून किंवा झाकूनच काढावे लागते.

रापण : खारवी, गाबीत, हरिकंत्र या मासेमार समाजांची ही ओढजाळी होडीतून अर्धवर्तुळात टाकतात आणि दोन्ही टोकांचे दोर किनाऱ्यावरून माणसे ओढतात. तिचे खरे लक्ष्य बांगडा आणि तारली. पण खालचा वजनदार दोर वाळू घासत येतो, म्हणून वाटेतला लेपाही उठून जाळ्यात शिरतो. रापण वाळूवर आली की वरच्या थरात बांगडे तडफडत असतात, आणि ते उपसून झाल्यावर तळाशी, चिखलाच्या रंगाचे, एकमेकांना चिकटलेले लेपे दिसतात. १९७० च्या दशकाच्या मध्यावर पर्ससीन (माशांच्या थव्याला वेढून खालून आवळली जाणारी) जाळी आल्यानंतर रापण मागे पडली.

पाग : काळी नदीच्या मुखाशी, सदाशिवगडच्या बाजूला, उथळ पाण्यात हे फेकजाळे टाकतात. कडेची शिसे एकदम तळाला बसायला हवीत. एक बाजू उचललेली राहिली तर लेपा त्या फटीतून सरकतो. म्हणून जाळे लगेच खेचत नाहीत, आधी कडा पायाने दाबून घेतात.

ट्रॉल : यांत्रिक होडीने तळावरून ओढायचे जाळे. आज लेप्याचा मोठा वाटा यातूनच येतो. जाळ्याचे तोंड उघडे ठेवणाऱ्या दोन फळ्या आणि त्यांच्यामागचे दोर गाळ ढवळत जातात. चपटा मासा दोर अगदी जवळ आल्यावरच थोडा उठतो आणि दोराच्या काटकोनात सरकून पुन्हा बसतो. असे होत होत तो जाळ्याच्या तोंडासमोर गोळा होतो. ही त्याची सवय नसती, तर एवढ्या रुंद तळावरचा मासा एका जाळ्यात आला नसता.

हंगाम : १ जून ते ३१ जुलै ही यांत्रिक मासेमारीची बंदी उठल्यावर, विशेषतः सप्टेंबर-ऑक्टोबरात, लेपा किनाऱ्याजवळ भरपूर मिळतो. कारणाबद्दल मतभेद आहेत. पावसाळ्यात खोल समुद्रातले थंड, प्राणवायू कमी असलेले पाणी वर चढते आणि तळचे मासे उथळ भागाकडे रेटले जातात, हे एक स्पष्टीकरण. समुद्रशास्त्रज्ञ कार्ल बान्झे यांनी १९५९ मध्ये कोचीजवळच्या तळमासेमारीवर अशा पाण्याचा परिणाम दाखवला होता. पावसानंतर गाळात वाढलेले खाद्य त्याला ओढते, हे दुसरे. पहिले अधिक सयुक्तिक दिसते. मात्र कोचीचे निष्कर्ष कारवारला जसेच्या तसे लावणे बरोबर नाही.

विक्री व वापर : कारवारहून जोयडा-रामनगर मार्गे आणि गोव्याहून अनमोड किंवा चोर्ला घाटाने हा मासा खानापूर व बेळगावच्या कॅम्पातील (छावणी भागातील) मासळी बाजारात पोचतो. लहान लेपा खारवून सुकवलेलाही मिळतो. साफ करताना डोक्याजवळ साल किंचित उचकटतात, बोटांना मीठ लावून ती पकडतात आणि शेपटीपर्यंत एका झटक्यात ओढून काढतात. ताज्या माशाची साल अखंड निघते. शिळ्याची मधेच तुटते आणि मांस घेऊन येते.