शुभवर्तमानं आडवी वाचताना

नाताळात वसईपासून गोव्यापर्यंत ख्रिस्ती घरांपुढे गोठे सजतात. गव्हाणीत बाळ, बाजूला मरिया आणि योसेफ, एकीकडे मेंढपाळ, दुसरीकडे भेटी घेऊन आलेले तीन ज्ञानी, मागे बैल आणि गाढव. ही सगळी मंडळी एका जागी कुठल्याच शुभवर्तमानात, म्हणजे येशूचं चरित्र सांगणाऱ्या मत्तय, मार्क, लूक आणि योहान या बायबलमधल्या चार ग्रंथांपैकी एकातही, भेटत नाहीत. गव्हाणी आणि मेंढपाळ फक्त लूककडे आहेत, ज्ञानी लोक आणि तारा फक्त मत्तयकडे. मत्तयमध्ये गव्हाणीचा उल्लेखच नाही, ज्ञानी लोक थेट 'घरात' जातात. ते तीन होते असंही त्यानं लिहिलेलं नाही. भेटी तीन, म्हणून माणसं तीन असा हिशोब पुढच्यांनी केला. बैल आणि गाढव तर चौघांपैकी कोणाकडेच नाहीत.

गोठ्याच्या देखाव्यात ही सरमिसळ शोभून दिसते. अभ्यासात मात्र ती नडते, कारण मिसळलं की फरक दिसेनासे होतात आणि या ग्रंथांची घडण समजायला ते फरकच कामाचे असतात.

जन्माचीच गोष्ट घ्या. मत्तयच्या कथेत योसेफ-मरिया आधीपासून बेथलेहेमातच आहेत. तिथून ते हेरोद राजाच्या भीतीनं मिसर (इजिप्त) देशात पळतात आणि हेरोद मेल्यावर यहूदीयात परतायला बिचकतात, म्हणून नासरेथला जाऊन राहतात. लूककडे उलटं आहे. कुटुंब मुळातच नासरेथचं, बेथलेहेमला येतं ते नावनिशीसाठी, म्हणजे शिरगणतीसाठी. मंदिरातले विधी उरकले की सरळ घरी परततं. मिसरची वाट नाही, मत्तयकडे हेरोद करवतो ती बालहत्या नाही. दोन्ही कथा एका दिनदर्शिकेवर मांडायला गेलं तर आणखी एक अडचण येते. थोरला हेरोद इसवी सन पूर्व 4 मध्ये मेला असं बहुतेक इतिहासकार मानतात. लूकनं सांगितलेली, क्विरीनिय सीरियाचा सुभेदार असतानाची नावनिशी मात्र यहुदी इतिहासकार जोसेफस याच्या नोंदींनुसार इसवी सन 6 च्या सुमाराची. मध्ये दहाएक वर्षांची फट राहते. ती बुजवायला क्विरीनिय आधीही एकदा सुभेदार होता, लूकच्या वाक्याचा अर्थ 'त्याआधीची नावनिशी' असा घ्यावा, असे बरेच तोडगे सुचवले गेले. कुठलाच सर्वमान्य झालेला नाही.

वंशावळींचंही तसंच. योसेफाच्या बापाचं नाव मत्तयकडे याकोब, लूककडे एली. दावीद राजापासून एकाची रेघ शलमोनातून उतरते, दुसऱ्याची नाथानातून. मत्तयला चौदा-चौदा पिढ्यांचे तीन गट हवे आहेत. त्यासाठी त्यानं योराम आणि उज्जिया यांच्यामधले तीन राजे गाळले आहेत, ते जुन्या करारातल्या राजांच्या यादीशी ताडून पाहता येतं. ही चूक म्हणायची की रचना? माझ्या मते रचना. चौदा हा आकडा तो स्वतःच वाचकाला मोजून दाखवतो.

आता वाचनाच्या पद्धतीकडे. आपण एक शुभवर्तमान वरून खाली वाचतो, मग दुसरं उघडतो. तोपर्यंत पहिल्यातले बारकावे विरलेले असतात. अभ्यासक आडवं वाचतात: एकच प्रसंग, शेजारी-शेजारी स्तंभ, ओळीसमोर ओळ. ही सोय जुनी आहे. चौथ्या शतकाच्या सुरुवातीला सिझेरियाचा बिशप युसेबियस यानं चारही ग्रंथांना लहान-लहान तुकड्यांत क्रमांक देऊन 10 तक्ते केले. चौघांत असलेलं पहिल्या तक्त्यात, मग तिघांत असलेलं, मग दोघांत, आणि एकट्याकडेच असलेलं शेवटच्या तक्त्यात. वचनांचे आजचे क्रमांक 1551 चे, मुद्रक रोबेर एस्तिएन याच्या आवृत्तीतले. त्याच्या बारा शतकं आधी युसेबियसनं संदर्भ शोधण्याचं हे यंत्र बनवलं होतं. 1776 मध्ये जर्मन विद्वान ग्रीसबाख यानं मत्तय, मार्क आणि लूक समांतर स्तंभांत स्वतंत्र पुस्तकरूपानं छापले, आणि 'एकत्र पाहण्याजोगी' या अर्थाचं ग्रीक नाव या तिघांना चिकटलं. योहान त्या तक्त्यात नीट बसतच नाही.

तिघांना शेजारी ठेवल्यावर पहिला धक्का साम्याचा बसतो. मार्कमध्ये 661 वचनं आहेत. त्यांतल्या सुमारे 600 वचनांचा मजकूर मत्तयमध्ये सापडतो आणि निम्म्याहून जास्त लूकमध्ये. तोही नुसता आशय नव्हे, शब्दसुद्धा. येशू बोलत असे अरामी, शुभवर्तमानं लिहिली गेली ग्रीकमध्ये. दोघांनी स्वतंत्रपणे भाषांतर केलं असतं तर शब्द, क्रम, क्रियापदांची रूपं इतकी जुळली नसती. बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाचं (शुभवर्तमानाचा योहान वेगळा) 'सापांच्या पिलांनो' हे भाषण पाहा. मत्तय आणि लूक यांच्याकडे ते साठीच्या आसपास ग्रीक शब्दांचं आहे, आणि दोन-चार जागा सोडल्या तर शब्दाला शब्द तोच.

याहून बोलका पुरावा म्हणजे भलत्या जागी आलेला कंस. पक्षाघाती माणसाला बरं करताना येशू धर्मपंडितांशी बोलतो आहे. 'मनुष्याच्या पुत्राला पापांची क्षमा करण्याचा अधिकार आहे हे तुम्हांला समजावं म्हणून' इथे वाक्य तुटतं, निवेदक मध्येच सांगतो की मग तो पक्षाघाती माणसाला म्हणाला, आणि पुढे 'ऊठ'. हा अडखळा मार्ककडे आहे, मत्तयकडे आहे, लूककडेही आहे, आणि तिघांकडे त्याच ठिकाणी आहे. तीन साक्षीदारांना तोच प्रसंग आठवू शकतो. वाक्य त्याच जागी तोडायची बुद्धी तिघांना होणं कठीण. मार्कच्या तेराव्या अध्यायात लेखक मध्येच 'वाचणाऱ्यानं हे समजून घ्यावं' असं म्हणतो. मत्तयमध्येही ते तिथेच आहे. 'वाचणारा' हा शब्द तोंडी परंपरेतून येत नाही. म्हणजे कोणीतरी कोणाचं तरी लिखाण समोर ठेवून लिहीत होतं.

कोण कोणाचं? इथे उपयोगी पडते ती नक्कल पकडण्याची, उत्तरपत्रिका तपासणाऱ्या प्रत्येक शिक्षकाच्या परिचयाची युक्ती. दुसऱ्याचं बघून लिहिणारा सुरुवातीला काळजीपूर्वक बदल करतो. चार ओळी गेल्या की दमतो आणि मूळचा शब्द जसाच्या तसा उतरवतो.

बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाच्या शिरच्छेदाचा प्रसंग घ्या. मार्क गालीलच्या हेरोद अंतिपाला, म्हणजे थोरल्या हेरोदाच्या मुलाला, सरसकट 'राजा' म्हणतो. कायद्यानं तो राजा नव्हता, रोमचा मांडलिक होता. पुढे राजा ही पदवी मागायला गेला आणि इसवी सन 39 मध्ये हद्दपार झाला. मत्तय चोख आहे. चौदाव्या अध्यायाच्या पहिल्याच वचनात तो 'मांडलिक' अशी दुरुस्ती करतो. आठ वचनांनंतर मात्र त्याच्याकडेही 'राजा' उगवतो, तोही 'राजाला वाईट वाटलं' या वाक्यात. खरं तर मत्तयच्या कथेत ते वाईट वाटणंही बसत नाही. मार्ककडे योहानाच्या जिवावर उठलेली असते हेरोदाची बायको हेरोदिया, आणि हेरोद त्याला जपत असतो, म्हणून त्याचं दुःख समजतं. मत्तयनं सुरुवातीलाच सांगून ठेवलंय की हेरोदालाच त्याला मारायचं होतं. मग मनासारखं झाल्यावर वाईट कशाचं? ते दुःख मार्ककडून उसनं आलं आहे.

लूकची अशीच एक जागा पाच हजारांच्या जेवणाच्या प्रसंगात सापडते. मार्ककडे हे ओसाड जागी घडतं. लूक प्रसंग बेथसैदा या गावी नेतो, आणि दोनच वचनांनी शिष्य येशूला सांगतात की लोकांना आसपासच्या गावांत पाठव, 'कारण आपण इथे ओसाड जागी आहोत'. गावात उभं राहून!

अशा जागा मार्क आधीचा असल्याचं सुचवतात. आज बहुसंख्य अभ्यासकांचं मत तेच आहे: मार्क इसवी सन 70 च्या आगेमागे, म्हणजे रोमनांनी यरुशलेमचं मंदिर पाडलं त्या सुमारास, मत्तय आणि लूक त्यानंतर दहा-वीस वर्षांनी, योहान शतकाच्या अखेरीस. मत्तय आणि लूक या दोघांत आहे पण मार्कमध्ये नाही असा जवळपास सव्वादोनशे वचनांचा मजकूर उरतो. त्यासाठी येशूच्या उद्गारांचा एक हरवलेला संग्रह मानतात आणि 'उगम' या अर्थाच्या जर्मन शब्दाच्या आद्याक्षरावरून त्याला 'क्यू' म्हणतात. त्याची एकही प्रत कधी सापडलेली नाही. म्हणून काहीजण क्यू साफ नाकारतात आणि म्हणतात, लूकनं मत्तयच वाचला होता. त्यांच्या हाती एक चांगला पत्ता आहे. येशूला मारझोड होते तेव्हा मार्ककडे लोक नुसतं 'भविष्य सांग' म्हणतात. मत्तय आणि लूक दोघेही पुढे तोच प्रश्न जोडतात, 'तुला कोणी मारलं?' एकमेकांना न वाचता दोघांनी तीच भर कशी घातली? या प्रश्नाला क्यूवाल्यांची उत्तरं आहेत, पण ती ओढाताणीची वाटतात.

मार्क आधीचा असं धरलं की बाकीच्यांनी काय आणि का बदललं ते वाचता येतं. येशूचा बाप्तिस्मा हे त्याचं उत्तम उदाहरण. मार्क सरळ सांगतो, येशू आला आणि त्यानं यार्देन नदीत योहानाकडून बाप्तिस्मा घेतला. पण हा बाप्तिस्मा पापक्षमेसाठी होता, आणि तो देणारा घेणाऱ्याहून मोठा ठरतो की काय, अशी शंका येणारच. मत्तय संवाद घालतो: योहान म्हणतो, मीच तुझ्या हातून बाप्तिस्मा घ्यायला हवा. लूक योहान तुरुंगात गेल्याचं आधी सांगून टाकतो आणि मग बाप्तिस्मा एका ओझरत्या वाक्यात उरकतो, कोणी दिला ते न सांगता. चौथ्या शुभवर्तमानात तर प्रत्यक्ष बाप्तिस्मा नाहीच, योहान फक्त साक्ष देतो. ही उतरती कमान पाहून इतिहासकार म्हणतात की जी गोष्ट सांगताना अनुयायांनाच अवघडल्यासारखं होत होतं, ती त्यांनी मुद्दाम रचली असण्याचा संभव कमी. हा निकष जपून वापरावा लागतो. आपल्याला अवघड वाटतं ते पहिल्या शतकातल्या लेखकालाही वाटत होतं, असं गृहीत धरता येत नाही. इथे तो चालतो, कारण अवघडलेपण मजकुरातच दिसतं.

योहानाचं शुभवर्तमान उघडलं की दिनदर्शिकाच बदलते. बाकीच्या तिघांत येशूच्या कार्यकाळात वल्हांडण हा यहुदी सण एकदाच येतो, योहानात तीन. मंदिरातले सराफांचे चौरंग उलथण्याचा प्रसंग तिघांकडे शेवटच्या आठवड्यात, योहानाकडे दुसऱ्याच अध्यायात. मृत्यूचा वार चौघांकडे शुक्रवारच, पण तिथी वेगळी. यहुदी दिवस सूर्यास्ताला सुरू होतो हे लक्षात ठेवलं नाही तर इथे हमखास गोंधळ होतो. मार्कच्या हिशोबानं शेवटचं भोजन हेच वल्हांडणाचं भोजन, म्हणजे निसान महिन्याच्या 15 तारखेची रात्र, आणि वधस्तंभ त्याच तारखेला सकाळी, तिसऱ्या तासाला, आपल्या नऊच्या सुमारास. योहानाकडे तो दिवस सणाच्या तयारीचा, 14 निसान, आणि दुपारी बाराच्या सुमाराला येशू अजून रोमन सुभेदार पिलातापुढेच उभा आहे. त्या दुपारी मंदिरात वल्हांडणाची कोकरं कापली जात. या शुभवर्तमानाच्या पहिल्याच अध्यायात येशूला 'देवाचं कोकरू' म्हटलंय, तेव्हा तारीख अशी का बसवली असेल याचा तर्क करता येतो. उलट योहानाचीच तारीख खरी आणि सणाच्या भोजनाचा रंग मार्कनं भरला, असं मानणारेही जाणकार आहेत.

हे सगळं एकजीव करायचा मोह जुना आहे. दुसऱ्या शतकात सीरियाच्या तातियान यानं चारांचं एक सलग पुस्तक केलं आणि सीरियन चर्चमध्ये ते कैक पिढ्या वाचलं गेलं. 1537 मध्ये ओसियान्डर या जर्मन धर्मपंडितानं प्रत्येक फरक म्हणजे वेगळी घटना असं धरून जुळणी केली, तेव्हा येशूनं जिवंत केलेल्या याईराच्या मुलीला एकाहून अधिक वेळा मरून उठावं लागलं. 1616 मध्ये गोव्यात छापलेल्या मराठी 'ख्रिस्तपुराणा'त फादर स्टीफन्स यांनीही एकच अखंड कथा ओव्यांत गुंफली. पुराण सांगायचं तर तेच योग्य, पण त्यातून मत्तय कुठला आणि लूक कुठला हे निवडून काढणं म्हणजे कालवलेल्या भातातून वरण वेगळं करणं.

स्वतः करून पाहायचं असेल तर मराठी बायबलच्या पानांच्या छायाप्रती काढा, कागदावर चार उभे रकाने आखा आणि रंगीत पेन्सिली घ्या: तिघांत समान ते लाल, मत्तय-मार्क निळं, मार्क-लूक हिरवं, मत्तय-लूक पिवळं. दोन ठिकाणी फसगत होते. भाषांतरकार एकाच ग्रीक शब्दाला कधी दोन मराठी शब्द देतात आणि दोन वेगळ्या शब्दांना एकच, त्यामुळे मराठीवरून शब्दसाम्य मोजू नका, प्रसंगांचा क्रम आणि तपशील मोजा. दुसरं म्हणजे चौकटी कंसातला किंवा तळटीप असलेला मजकूर बाजूला ठेवा. मार्कच्या सोळाव्या अध्यायातली 9 ते 20 ही वचनं चौथ्या शतकातल्या दोन सर्वांत महत्त्वाच्या हस्तलिखितांत नाहीत. तिथे मार्क संपतो तो कबरीपासून पळालेल्या बायकांवर, 'कारण त्या भ्याल्या होत्या'. योहानातली व्यभिचारी स्त्रीची प्रसिद्ध गोष्टही सर्वांत जुन्या प्रतींत सापडत नाही.

सुरुवात पाच हजारांच्या जेवणापासून करा. पुनरुत्थान वगळता चौघांनीही सांगितलेला हा एकमेव चमत्कार. दोनशे दिनारांचा हिशोब मार्ककडे आहे आणि योहानाकडे, मत्तय आणि लूक यांच्याकडे नाही. भाकरी जवाच्या होत्या हे एकटा योहान सांगतो, गवत हिरवं होतं हे एकटा मार्क. गालीलात रान हिरवं असतं ते पावसाळ्यानंतर वसंतापर्यंतच, उन्हाळ्यात ते करपतं. मार्क तिथे कोणत्याही सणाचं नाव घेत नाही. योहानानं मात्र लिहून ठेवलंय की वल्हांडण जवळ आला होता, आणि तो सण वसंतातला.