द बँड (अल्बम, १९६९)

द बँड : याच नावाच्या कॅनेडियन-अमेरिकन वाद्यवृंदाचा दुसरा अल्बम. कॅपिटॉल रेकॉर्ड्सने तो २२ सप्टेंबर १९६९ रोजी बाजारात आणला. तपकिरी वेष्टनावर छायाचित्रकार एलियट लँडी यांनी टिपलेले पाच दाढीमिशीवाल्या वादकांचे कृष्णधवल छायाचित्र आहे, आणि त्या रंगावरूनच रसिकांत तो ‘ब्राउन अल्बम’ म्हणून ओळखला जातो. ब्लूज, कंट्री, गॉस्पेल (चर्चमधली भक्तिगीते) आणि डोंगराळ मुलखातले फिडलवादन (व्हायोलिनवादन) या आपल्या मूळ स्रोतांकडे परतणाऱ्या रॉकला ‘रूट्स रॉक’ म्हणतात. त्या प्रवाहात या अल्बमइतका टिकलेला आणि इतक्या वादकांना वाट दाखवणारा दुसरा अल्बम सापडणे कठीण आहे. तो टिकला याचे सर्वांत मोठे कारण त्यातली सामूहिकता : पाचही जण एकमेकांचे ऐकत वाजवतात आणि जे गाण्याला हवे तेवढेच वाजवतात.

पाच जणांपैकी लिव्हॉन हेल्म हा अमेरिकेतील आर्कान्सा राज्यातल्या कापूस पिकवणाऱ्या शेतकरी कुटुंबातला. रॉबी रॉबर्टसन, रिक डँको, रिचर्ड मॅन्युएल आणि गार्थ हडसन हे चौघे कॅनडातल्या आँटॅरिओ प्रांतातले. रॉनी हॉकिन्स या रॉकाबिली (कंट्रीच्या वळणाचे सुरुवातीचे रॉक) गायकाच्या ‘हॉक्स’ या साथीदार ताफ्यात हे पाच जण एकत्र आले आणि लहानमोठ्या दारूगुत्त्यांत रात्रीमागून रात्री वाजवून त्यांचा हात बसला. १९६५-६६ मध्ये लोकगीतांसाठी गाजलेला बॉब डिलन विजेची गिटार घेऊन दौऱ्यावर निघाला तेव्हा साथीला हेच होते. विजेची गिटार न रुचलेल्या प्रेक्षकांची हुर्यो सहन न होऊन हेल्म मात्र तो दौरा अर्ध्यावर सोडून गेला. १९६७ मध्ये न्यूयॉर्क राज्यात वुडस्टॉकजवळच्या ‘बिग पिंक’ नावाच्या गुलाबी घराच्या तळघरात डिलनसोबत त्यांनी जुन्या लोकगीतांची उजळणी केली. (बंगालचे बाऊल गायक पूर्णदास आणि लक्ष्मणदास यांचे गाणेही हडसनने याच तळघरात ध्वनिमुद्रित केले होते. या मंडळींच्या कानाला लोकसंगीताची किती ओढ होती, हे त्यावरून कळते.) ‘म्युझिक फ्रॉम बिग पिंक’ हा त्यांचा पहिला अल्बम जुलै १९६८ मध्ये आला. तो ऐकून गिटारवादक एरिक क्लॅप्टनला आपल्या ‘क्रीम’ या वाद्यवृंदाचे दणदणीत, लांबलचक वादन नकोसे झाले.

दुसऱ्या अल्बमसाठी १९६९ च्या सुरुवातीला त्यांनी हॉलिवुडच्या टेकड्यांमधला एक बंगला भाड्याने घेतला. तो गायक-नट सॅमी डेव्हिस ज्युनियर यांच्या मालकीचा होता. पोहण्याच्या तलावाशेजारच्या खोलीचा त्यांनी स्टुडिओ केला आणि तिथेच राहून, रांधून-खाऊन बहुतेक गाणी ध्वनिमुद्रित केली. उरलेले काम न्यूयॉर्कमध्ये झाले. निर्माता जॉन सायमन स्वतः वादक होता आणि जवळजवळ सहावा सभासद होऊन त्यांच्यात मिसळला. त्या खोलीतला नाद अल्बमभर ऐकू येतो. ढोल (ड्रम्स) कोरडे आणि दबलेले आहेत, प्रतिध्वनी फारसा नाही, आवाज अगदी जवळून येतात. त्या काळी स्टुडिओत नाना यांत्रिक करामती करण्याची चढाओढ चालू होती आणि तेव्हाचे बरेचसे नवलाईचे ध्वनी आज ते कोणत्या वर्षीचे यासह ओळखू येतात. या अल्बमचा नाद मात्र कुठल्याही एका वर्षाला चिकटलेला नाही.

गायक तीन. हेल्मचा आवाज खरबरीत, दक्षिणी मातीतला, डँकोचा कातर, मॅन्युएलचा उंच पट्टीत जाणारा आणि आत खोल जखम असलेला. हे तिघे एकत्र गातात तेव्हा आवाज एकजीव होत नाहीत. एक ओळ पकडतो, दुसरा मागून येऊन मिळतो, तिसरा वरचा सूर धरतो, आणि प्रत्येकाचा गळा वेगळा ओळखू येतो. चर्चमध्ये शेजारी शेजारी उभे राहून गाणाऱ्या माणसांची ही रीत आहे. वाद्यांचीही अशीच अदलाबदल चालते. ‘रॅग ममा रॅग’मध्ये ढोलवादक हेल्म मँडोलिन घेतो, पियानोवादक मॅन्युएल ढोलांवर बसतो, डँको बास सोडून फिडल वाजवतो, हडसन पियानोवर नाचरा रॅगटाइम (जुन्या पियानोसंगीताचा एक प्रकार) छेडतो आणि बासची जागा सायमनचा ट्यूबा (मोठे पितळी फुंकवाद्य) भरून काढतो. मॅन्युएलचा ठेका शिकल्या हाताचा नाही, किंचित अडखळत पुढे झेपावतो, आणि त्या गाण्याला तोच शोभतो. ‘अप ऑन क्रिपल क्रीक’मध्ये हडसनने क्लॅविनेटचा (विजेवर चालणारे पट्ट्यांचे वाद्य) नाद वा-वा पेडलमधून (पायाने दाबून नाद बदलणारे यंत्र) काढला आणि खेड्यातल्या मोर्चंगासारखा आवाज मिळवला. नव्या यंत्रातून जुना आवाज काढण्याची ही युक्ती पुढे फंक या ठेक्यावर भर देणाऱ्या नृत्यसंगीतात फार चालली.

गाण्यांत माणसे आहेत : शेतकरी, खलाशी, ट्रकचालक, घर सोडून जाणारे नोकर. वादक पंचविशी-तिशीतले असताना ‘रॉकिन चेअर’ हे गाणे मात्र दोन म्हाताऱ्या खलाशांचे आहे. त्यात ढोल नाहीतच. मँडोलिन, गिटार आणि अकॉर्डियन यांच्या आधाराने मॅन्युएल घरी परतण्याची आस गातो. तरुण पिढी थोरामोठ्यांशी भांडत होती त्याच वर्षी या पाच जणांनी म्हाताऱ्यांच्या तोंडून बोलायचे ठरवले, हे आजही धाडसाचे वाटते. ‘व्हिस्परिंग पाइन्स’ हे मॅन्युएलचे एकाकीपणाचे गाणे तर या अल्बममधले सर्वांत नाजूक.

शेवटचे ‘किंग हार्व्हेस्ट’ हे माझ्या मते त्यांचे सर्वश्रेष्ठ काम. दुष्काळाने आणि आगीने बुडालेला एक शेतकरी कामगार संघटनेत भरती होतो आणि संघटना आपल्याला तारेल अशी भाबडी आशा धरून बसतो. रॉकमध्ये सहसा कडवे शांत असते आणि ध्रुवपद उसळते. इथे उलटे आहे. कडव्यात मॅन्युएल जीव तोडून आपली कैफियत मांडतो आणि ध्रुवपदात पिकाचे, वाऱ्याचे वर्णन येताच सगळे वादन खाली उतरते, जवळजवळ कुजबुजते. शेवटी रॉबर्टसनची गिटार तुटक, आखडलेले सूर काढत राहते आणि गाणे विझत जाते. त्या शेतकऱ्याचे पुढे काय झाले ते कोणी सांगत नाही.

‘द नाइट दे ड्रोव्ह ओल्ड डिक्सी डाउन’ या गाण्यावर सर्वाधिक चर्चा झाली आहे. (डिक्सी म्हणजे अमेरिकेचा दक्षिण भाग.) १८६५ मध्ये अमेरिकी यादवी युद्धाच्या शेवटी, रेल्वेमार्ग उखडले गेले असताना आणि उपासमार चालू असताना व्हर्जिल केन हा दक्षिणेकडचा गरीब माणूस आपली आणि मारल्या गेलेल्या भावाची कहाणी सांगतो. कॅनडात वाढलेल्या रॉबर्टसनने त्यासाठी ग्रंथालयात बसून इतिहास वाचला. हेल्मने ते अशा आवाजात गायले की गाणे जुन्या काळापासून चालत आलेले वाटावे. १९७१ मध्ये गायिका जोन बाएझने काही शब्द बदलून ते गायले आणि अमेरिकेच्या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत तिसऱ्या क्रमांकापर्यंत नेले. गुलामगिरी टिकवण्यासाठी लढलेल्या बाजूचे दुःख गाणारे आणि गुलामांविषयी मूक राहणारे गीत म्हणून त्यावर टीका झाली आहे. अमेरिकी लेखक टा-नेहिसी कोट्स यांनी ती ठामपणे मांडली. ही टीका रास्त आहे. गाणे एका माणसाच्या पराभवाचे असले तरी त्या पराभवाभोवतीचा इतिहास ऐकणाऱ्याने विसरू नये.

अल्बम ‘बिलबोर्ड’ या संगीत-नियतकालिकाच्या लोकप्रियतेच्या यादीत नवव्या स्थानी पोचला. १२ जानेवारी १९७० रोजी ‘टाइम’ साप्ताहिकाने वाद्यवृंदाला मुखपृष्ठावर स्थान दिले. २००९ साठीच्या राष्ट्रीय ध्वनिमुद्रण नोंदवहीत अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने त्याची निवड केली. अमेरिकेत ‘अमेरिकाना’ (तिथल्या लोकसंगीताच्या मुळांवर उभे संगीत) हा वेगळा संगीतप्रकार मान्य झाला त्यामागेही या अल्बमचा मोठा वाटा आहे. ग्रॅमी पुरस्कारांत या प्रकारासाठी स्वतंत्र विभाग सुरू झाला तेव्हा २०१० मधला पहिला मान लिव्हॉन हेल्मच्याच अल्बमला मिळाला.

श्रेयावरून मात्र कटुता आली. १२ पैकी प्रत्येक गाण्याच्या रचनेवर रॉबर्टसनचे नाव आहे. त्यांपैकी तीन गाण्यांत मॅन्युएल आणि एकात हेल्म सहरचनाकार आहे. जे सर्वांनी मिळून घडवले त्याचे मानधन एकाच्याच नावे जमा झाले, असा हेल्मचा आरोप होता आणि १९९३ च्या आत्मचरित्रात त्याने तो उघडपणे लिहिला. शब्द रॉबर्टसनचे होते याबद्दल फारसा वाद नाही. पण हडसनचा क्लॅविनेट किंवा हेल्मचा ठेका वजा केला तर ‘क्रिपल क्रीक’मध्ये उरते किती, हा हेल्मच्या बाजूचा प्रश्न अल्बम ऐकताना दर वेळी पटतो.

२०१९ मध्ये पन्नास वर्षांनिमित्त निघालेल्या आवृत्तीत बॉब क्लिअरमाउंटन यांनी नव्याने केलेले मिश्रण (वेगवेगळे मुद्रित ध्वनी जुळवून एकत्र करणे) आहे आणि सोबत ऑगस्ट १९६९ मधल्या वुडस्टॉक महोत्सवातले त्यांचे वादनही आहे. नव्या मिश्रणात प्रत्येक वाद्य सुटे आणि स्वच्छ ऐकू येते. पहिल्यांदा ऐकणाऱ्याने तरीही १९६९ चे मूळ मिश्रणच निवडावे. वाद्ये एकमेकांच्या अंगावर रेललेली, थोडी धूसर अशी त्यातच ऐकायला मिळतात, आणि त्या खोलीत पाच जण एकत्र बसून वाजवत होते हे त्यातच नीट कळते.