मालवणचा समुद्र पाहायला जाण्याआधी

लालबाग-परळच्या चाळींत मालवण हे फिरायला जायचं ठिकाण नव्हतं. ते गाव होतं. 'गावाक जातंय' म्हणत गिरणीतून रजा काढायची आणि भाऊच्या धक्क्यावर बोट पकडायची. जयगड, रत्नागिरी, विजयदुर्ग, देवगड करत 'कोकण सेवक' किंवा 'कोकण शक्ती' मालवणसमोर उभी राहायची. पुढे पडावातून किनारा. पावसाळ्यात बोटी बंद, म्हणून गणपतीला एसटी. समुद्र ही चाकरमान्यांची वाट होती आणि गावातल्यांचं पोट. आत डोकावून बघावं असं त्यात काही आहे, हे कुणाच्या मनातही नसायचं.

बघायचा तो किल्ला. शिवाजी महाराजांनी 25 नोव्हेंबर 1664 रोजी मोरयाच्या धोंड्यापाशी पूजा करून कुरटे बेटावर सिंधुदुर्गाचं काम सुरू केलं. 1667 मध्ये ते पुरं झालं. बेटाभोवती पाण्याखाली लपलेले खडक अनोळखी गलबताला जवळ येऊ देत नसत. आज स्नॉर्केलिंग करताना, म्हणजे नळीतून श्वास घेत पाण्यात डोकावताना, दिसतं ते प्रवाळ याच खडकाळ भागातलं आहे, हे मला फार मोलाचं वाटतं. किल्ल्याचा इतिहास आणि समुद्राखालचं जग एकाच दगडावर उभं आहे.

13 एप्रिल 1987 रोजी सरकारने किल्ला आणि शेजारच्या छोट्या पद्मगड किल्ल्याच्या परिसरात 29.122 चौरस किलोमीटरचं सागरी अभयारण्य जाहीर केलं, राज्यातलं पहिलं. त्यातला 3.182 चौरस किलोमीटर भाग गाभ्याचा. मच्छीमारांनी कडाडून विरोध केला, आणि तो समजण्यासारखा होता. पिढ्यान्‌पिढ्या ज्या पाण्यात जाळं टाकलं, तिथेच उद्या मनाई होईल ही धास्ती होती. इथली रापण म्हणजे होडीतून अर्धगोल जाळं सोडायचं, दोन्ही टोकं किनाऱ्यावरून अनेकांनी मिळून ओढायची आणि मासळीचे वाटे करायचे. अशा मासेमारीचा खरा घास घेतला तो मोठ्या यांत्रिक बोटींनी. माशांचा अख्खा थवा वेढून खालून आवळणाऱ्या पर्ससीन जाळ्यांवर राज्याने निर्बंध आणले ते 5 फेब्रुवारी 2016 ला.

दरम्यान 1997 मध्ये सिंधुदुर्ग पर्यटन जिल्हा झाला. 1998 मध्ये कोकण रेल्वे पूर्ण मार्गावर धावू लागली आणि दादरला रात्री गाडीत बसलेला माणूस सकाळी कुडाळला उतरू लागला. तारकर्लीत स्कूबा आलं, घरांच्या ओसऱ्यांवर न्याहारी-निवासाच्या पाट्या लागल्या, देवबागच्या होड्या डॉल्फिन दाखवायला निघाल्या. गाव नसलेले मुंबईकरही आता मालवणला जातात. पण होडीचा नांगर प्रवाळावर पडला की प्रवाळ मोडतं, आणि ते पुन्हा वाढायला वर्षानुवर्षं लागतात. नांगर कुठे टाकता, हे होडीवाल्याला जरूर विचारा.

याच किनारपट्टीवर, देवगडच्या तांबळडेगला आणि वेंगुर्ल्याच्या वायंगणीला ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालतात; गावकरी ती जपतात. व्हेल शार्कला 2001 पासून कायद्याचं संरक्षण आहे, पण जाळ्यात अडकलेला एवढा मोठा मासा सोडायचा तर जाळं कापावं लागतं, आणि जाळं म्हणजे घरातली पुंजी. डिसेंबर 2018 पासून अशा कापलेल्या जाळ्यासाठी राज्य सरकार 25,000 रुपयांपर्यंत भरपाई देतं. कासव, डॉल्फिन किंवा व्हेल शार्क जिवंत सोडायचा आणि सोडतानाचा फोटो पुरावा म्हणून द्यायचा.