मृत्यूचं कारण दाखल्यावर मिळत नाही

सांगली-मिरजेकडे संशोधन करणाऱ्यांत एक समज पक्का आहे: शुल्क भरून मृत्यूचे दाखले काढले की मृत्यूची कारणं हाती येतात. येत नाहीत. जन्म-मृत्यू नोंदणी अधिनियम, १९६९ च्या कलम १७ नुसार दाखला कोणालाही मागता येतो, पण त्यावर मृत्यूचं कारण उघड करायला तिथंच मनाई आहे. कारण असतं नमुना ४ मध्ये, म्हणजे डॉक्टरांनी भरलेल्या मृत्यूच्या कारणाच्या प्रमाणपत्रात. दवाखान्याबाहेरच्या मृत्यूसाठी ४अ.

म्हणून ग्रामपंचायत अधिकाऱ्याच्या (पूर्वीच्या ग्रामसेवकाच्या) मागे लागू नका. राज्याच्या जन्म-मृत्यू मुख्य निबंधकांकडे लेखी मागणी करा, सोबत अभ्यासाचा आराखडा आणि नैतिकता समितीची (संशोधनात कुणाला अपाय होत नाही ना हे पाहणाऱ्या समितीची) मंजुरी जोडा. (ही मंजुरी म्हणजे माहितीवरचा हक्क नव्हे, हे अनेकांना पटतच नाही.) नावं-पत्ते मागूच नका. वयोगट, लिंग, तालुका, वर्ष आणि आजाराचा आयसीडी (आजारांचं आंतरराष्ट्रीय वर्गीकरण) संकेतांक एवढं बहुतेक अभ्यासांना पुरतं. गावनिहाय तक्ता मात्र घातक: छोट्या गावात ‘पुरुष, ३४, आत्महत्या’ म्हटलं की माणूस कोण ते सगळ्यांना कळतं.

आणखी एक मेख. नोंद मृत्यू जिथं झाला तिथं होते. तासगावचा रुग्ण मिरजेत दगावला तर नोंद महापालिकेत. त्यामुळे मृताच्या नेहमीच्या राहण्याचं ठिकाण हा रकाना मागायला विसरलात, तर मिरजेचा मृत्युदर उगाच फुगतो.