तिकीट जादूचं, कायदा जादूटोण्याचा

गारुडी-मदाऱ्यांचा काळ सगळ्यांना ठाऊक आहे. 1972च्या वन्यजीव कायद्याने सापाची टोपली हळूहळू रिकामी केली, एवढं सांगून पुढे जाऊ. खान्देशात जादू यात्रेतल्या तंबूतून नाट्यगृहात आली. तिथले दोन खेळ प्रेक्षकांना तोंडपाठ. एक करवतीने माणूस कापण्याचा, 1921 साली लंडनच्या रंगमंचावर गाजलेला. दुसरा लोट्याचा: उपडा करून रिकामा केलेला लोटा दर थोड्या वेळाने पुन्हा पाणी ओततो. पोरं मोजत बसतात.

1956 मध्ये ब्रिटिश टीव्हीवर एका बंगाली जादूगाराने मुलीला कापलं, वेळ संपली म्हणून कार्यक्रम तिथेच थांबला, आणि मुलगी मेली समजून लोकांनी फोनवर फोन केले. आपल्याकडे करवतीला कुणी घाबरत नाही. स्टेजवर लिंबू निघालं की मात्र मागच्या रांगा गप्प होतात.

याचं कारण शब्दात आहे. मराठीत हातचलाखीलाही जादू आणि करणीच्या भीतीलाही जादूच. सातपुड्यात, धडगाव-अक्कलकुवा भागात एखाद्या बाईला 'डाकीण' ठरवून गावाबाहेर काढल्याच्या, मारल्याच्याही घटना घडल्या आहेत. तिथे हा शब्द करमणुकीचा नाही. अशा प्रकारांविरुद्ध महाराष्ट्रात ऑगस्ट 2013 मध्ये वटहुकूम निघाला, डिसेंबरात विधिमंडळाने कायदा केला. त्याच्या लांबलचक नावात नरबळी आहे, अघोरी प्रथा आहेत, जादूटोणा आहे. 'अंधश्रद्धा' हा शब्दच नाही. वर्षानुवर्षांच्या विरोधानंतर पदरात पडलेली ही तडजोड, आणि ती नावापुरती तरी फसली असं माझं मत. कायद्याची अनुसूची, म्हणजे गुन्ह्यांची यादी, वाचली तर घोळ उरत नाही. तथाकथित चमत्कार दाखवून पैसे मिळवणं आणि लोकांना फसवणं हा गुन्हा, कुणी करणी करतो असं पसरवणं हाही गुन्हा. शिक्षा सहा महिने ते सात वर्षं. तिकीट लावून, हातचलाखी म्हणून केलेला खेळ यात बसत नाही. पण अनुसूची वाचतो कोण? बोलताना सगळे 'जादूटोणाविरोधी कायदा' एवढंच म्हणतात, आणि मग 'जादूवर बंदी आली ना?' हा प्रश्न तिकीट खिडकीपाशीही निघतो.

म्हणून कित्येक जादूगार पडदा उघडताच सांगून टाकतात: ही हातचलाखी आहे, यात मंत्र नाही, तंत्र नाही, शक्ती नाही. अंधश्रद्धेवर चार वाक्यं होतात, समोरून टाळ्या पडतात. तोवर लोटा एकदा रिकामा झालेला असतो.