तेलात शिरलेली हवा आणि उठणारी-बसणारी मोटार

रात्रभर उभी असलेली जुनी सिट्रोएन डीएस सकाळी पाहिली, तर पोट जमिनीला टेकवून रवंथ करत बसलेल्या गाईची आठवण होते. इंजिन सुरू केल्यावर काही क्षण काहीच घडत नाही. मग गाय उठताना आधी मागचे पाय सरळ करते त्याप्रमाणे गाडीची मागची बाजू वर येते, पाठोपाठ पुढची येते, आणि गाडी आपल्या नेहमीच्या उंचीवर स्थिर होते. तिला वर उचलून धरते ते दाबाखालचे तेल. या तेलात हवा शिरली, तर हीच गाडी अर्धवट उठते, उठताना अडखळते, खड्ड्यांवरून जाताना विचित्र डोलते किंवा अजिबात उठत नाही. ती हवा बाहेर कशी काढतात आणि त्या कृतीमागे कोणते विज्ञान आहे, हे पाहण्यासारखे आहे.

चाकांवरचा भार स्टीलच्या स्प्रिंगऐवजी तेल आणि वायू यांच्या जोडीवर पेलण्याची ही रचना फ्रान्समध्ये पॉल माजेस या तंत्रज्ञाने घडवली. १९५४ मध्ये ती सिट्रोएनच्या एका मोटारीच्या फक्त मागच्या चाकांना बसवण्यात आली, आणि ऑक्टोबर १९५५ मध्ये पॅरिसच्या प्रदर्शनात आलेल्या डीएस १९ ला चारही चाकांवर मिळाली. पुढे जीएस, सीएक्स, बीएक्स, एक्सएम अशा अनेक गाड्यांमधून ती चालत राहिली आणि २०१७ मध्ये सी५ चे उत्पादन थांबले तेव्हा तिचा प्रवास संपला. भारतात २०२१ पासून विकल्या गेलेल्या सी५ एअरक्रॉसचे नाव सारखे असले, तरी तिच्यात ही यंत्रणा नाही. तिथे साध्या स्प्रिंगच्या जोडीला शॉक अ‍ॅब्सॉर्बरमध्येच तेलाचे धक्के-रोधक दिलेले आहेत, हे इथेच सांगितलेले बरे.

मूळ रचना अशी आहे. प्रत्येक चाकाच्या दांड्याला एक दट्टा जोडलेला असतो आणि तो तेलाने भरलेल्या सिलिंडरमध्ये वरखाली सरकतो. सिलिंडरच्या तोंडावर साधारण नारळाएवढा पोलादी गोळा बसवलेला असतो. गोळ्याच्या आत रबरी पडदा असून पडद्याच्या एका बाजूला दाबाने भरलेला नायट्रोजन आणि दुसऱ्या बाजूला तेल असते. चाक खड्ड्यातून वर उसळले की दट्टा तेल ढकलतो, तेल पडद्याला ढकलते आणि नायट्रोजन आक्रसतो. म्हणजे खरी स्प्रिंग हा वायूच आहे. इंजिनावर चालणारा पंप तेलाला दाब देतो आणि तो दाब सुमारे १४५ ते १७० बार या पट्ट्यात राखला जातो. मोटारीच्या टायरमधला दाब दोन-सव्वादोन बार असतो, त्यावरून याचा अंदाज यावा. गाडीत माणसे बसली आणि ती खाली दबली, की उंची-नियंत्रक नावाची झडप सिलिंडरमध्ये आणखी तेल सोडते. माणसे उतरली की तेच तेल टाकीत परत पाठवते. चालकाजवळच्या दांड्याने ही उंची हातानेही बदलता येते.

इथे वाचकाला एक प्रश्न पडणे साहजिक आहे. स्प्रिंग म्हणून वायूच वापरायचा असेल, तर तेलात थोडी हवा मिसळल्याने बिघडते काय? याचे उत्तर वायू कुठे आहे यात आहे. गोळ्यातला नायट्रोजन पडद्यामागे बंदिस्त आहे, त्याचे प्रमाण आणि दाब ठरवून दिलेला आहे, आणि तो कधीही पंपातून, झडपांतून किंवा ब्रेकमधून फिरत नाही. तेलातली हवा मात्र सगळीकडे फिरते आणि जिथे तेलाने ताठ राहायला हवे, तिथेच लिबलिबीतपणा आणते.

हा फरक हाताने अनुभवता येतो. सुई नसलेली १० मिलीलिटरची सिरिंज पाण्याने पूर्ण भरा, तोंडावर बोट घट्ट धरा आणि दट्टा दाबा. तो जागचा हलत नाही. आता त्यात एक मिलीलिटर हवा येऊ द्या आणि पुन्हा दाबा. दोन किलोच्या आतल्या जोराने ती हवा निम्मी होते आणि दट्टा अर्धा मिलीलिटर आत जातो. खनिज तेलाला १५० बार दाब दिला, तरी त्याचे आकारमान जेमतेम एक टक्क्याने घटते. हवेचे आकारमान मात्र वातावरणाइतका एकच बार जादा दाब मिळाला की निम्मे होते. म्हणून कमी दाबाच्या तेलात शंभरातला एक भाग हवा असली, तरी त्या मिश्रणाचा ताठपणा शुद्ध तेलाच्या सुमारे दीडशेव्या हिश्श्यावर येतो. दाब वाढत जातो तसा हा परिणाम कमी होतो, कारण तोवर हवा जवळजवळ पूर्ण चेपलेली असते. पण तेवढ्यापर्यंत पोचण्यासाठी पंपाला आधी ती हवा चेपावी लागते, आणि खरी अडचण तिथेच सुरू होते.

डीएसच्या पंपात सात छोटे दट्टे असतात. दट्टा आपल्या फेरीच्या टोकाला पोचला, तरी त्याच्या पुढे आणि झडपेच्या अलीकडे थोडी जागा मोकळी उरतेच. दट्ट्यापुढे तेल असेल, तर या मोकळ्या जागेने काही बिघडत नाही. तेल जवळपास आक्रसत नसल्यामुळे जितके ढकलले तितके झडपेतून बाहेर पडते. दट्ट्यापुढे हवा असेल, तर समजा ती मोकळी जागा फेरीच्या आकारमानाच्या दहाव्या भागाएवढी आहे. मग सगळी हवा तेवढ्याशा जागेत चेपली आणि चेपताना तापून तिचा दाब वाढला हे धरले, तरी तो ३० बारच्या पुढे जात नाही. झडपेपलीकडे त्याहून अधिक दाब असेल, तर झडप उघडतच नाही. दट्टा मागे आला की तीच हवा पुन्हा फुगते, आणि फुगलेल्या हवेमुळे नवे तेल आत यायला जागाच उरत नाही. पंप फिरत राहतो, आवाज करतो, पण एक थेंबही पुढे ढकलत नाही. याला एअर लॉक म्हणतात.

यावरून दुरुस्तीची पहिली पायरी अशी का आहे हे कळते. दाब राखणाऱ्या नियंत्रकावर एक छोटा स्क्रू असतो. तो साधारण एक फेरा सैल केला, की पंपातून निघालेल्या तेलाला दाबाविरुद्ध लढावे न लागता थेट टाकीकडे जाण्याची वाट मिळते. आता झडपेपलीकडे दाबच नसल्याने पंपात अडकलेली हवा सहज बाहेर पडते, तिच्यामागून तेल येते आणि पंप तेल धरतो. इंजिन संथ गतीवर ठेवून हे केले जाते. सुरुवातीला खडखडाट ऐकू येतो, मग आवाज भरीव होतो, आणि त्यानंतरच स्क्रू आवळायचा असतो. पंप फारच कोरडा असेल, तर टाकीकडून येणारी नळी सोडवून तिच्यात आधी तेल ओततात.

विहिरीवरच्या पंपाशी ज्यांचा संबंध आला आहे, त्यांना हे नवीन वाटणार नाही. फूट व्हॉल्व्ह गळला की सक्शन पाइप रिकामा होतो, पंप नुसताच फिरतो, आणि वरून बादलीभर पाणी ओतून प्रायमिंग केल्याशिवाय पाणी चढत नाही. दोन्ही पंपांची घडण वेगळी असली, तरी दोघांनाही हवा ढकलता येत नाही. या तुलनेचा खरा उपयोग मात्र पुढच्या मुद्द्यासाठी आहे. विहिरीवर पंप वारंवार हवा घेऊ लागला, की जाणता माणूस सक्शनच्या सांध्यावर ट्यूबची पट्टी गुंडाळतो, जरी त्या सांध्यातून पाण्याचा थेंबही गळत नसला तरी. पंप चालू असताना सक्शनच्या बाजूला आतला दाब बाहेरच्या हवेपेक्षा कमी असतो, त्यामुळे तिथली भेग पाणी बाहेर सोडत नाही, हवा आत ओढते.

सिट्रोएनमध्येही टाकीपासून पंपापर्यंतची रबरी नळी हीच खोड करते. जुन्या रबराला केसाएवढी भेग पडते किंवा क्लिप सैल होते, जमिनीवर तेलाचा डाग दिसत नाही, आणि मालक महिन्यातून तीनदा हवा काढत बसतो. माझ्या मते या साऱ्या कामात सर्वांत अधिक वेळ हवा शिरण्याची जागा शोधण्यावर खर्च व्हायला हवा. टाकीतले तेल कमी होऊन नळीचे तोंड उघडे पडले आहे का, टाकीतली बारीक जाळी कचऱ्याने तुंबून ओढ वाढली आहे का, आणि नळीची दोन्ही टोके घट्ट आहेत का, हे तीन प्रश्न सुटल्याशिवाय पुढे जाण्यात अर्थ नाही.

पंपाने तेल धरल्यानंतर चार चाकांच्या सिलिंडरांत आणि गोळ्यांत उरलेल्या हवेचा प्रश्न येतो, आणि इथे माजेस यांच्या रचनेतली मला सर्वांत आवडणारी गोष्ट दिसते. साध्या गाडीच्या ब्रेकमध्ये तेलाची नळी चाकापाशी संपते. पेडल दाबले की तेल थोडे पुढे जाते, सोडले की तेवढेच मागे येते, आणि मधला बुडबुडा जागच्या जागी झुलत राहतो. म्हणून तिथे निपल, म्हणजे हवा काढण्याचा छोटा पोकळ स्क्रू, सैल करून त्याला बाहेर काढावेच लागते. सिट्रोएनच्या सस्पेन्शनमध्ये, म्हणजे चाकांवर गाडी पेलणाऱ्या या यंत्रणेत, मात्र गाडी वर जाताना टाकीतले तेल चाकापर्यंत जाते आणि खाली बसताना चाकाचे तेल टाकीत परतते. दांडा सर्वांत खालच्या खुणेवर नेला, की तेलाचा दाब शून्यावर येतो. तोवर चेपून बसलेला नायट्रोजन पूर्ण फुगतो, पडदा गोळ्याच्या तोंडापर्यंत येऊन टेकतो आणि गोळ्यातले जवळजवळ सर्व तेल, त्यातल्या हवेसह, पिळून काढतो. स्प्रिंगचे काम करणारा वायूच नको असलेल्या वायूला हुसकावून लावतो.

म्हणून गाडी सर्वांत वर न्यायची, थांबायचे, सर्वांत खाली आणायची, पुन्हा थांबायचे, असे चार-सहा वेळा केले की ही यंत्रणा बहुतांशी आपोआप शुद्ध होते. मधल्या उंचीवर थोडेसे वरखाली करून भागत नाही, कारण तेवढ्याने नळीतले तेल टाकीपर्यंत पोचतच नाही आणि बुडबुडा अर्ध्या वाटेवरून माघारी फिरतो.

थांबण्यालाही कारण आहे. टाकीत परतलेली हवा फेसाच्या रूपात असते, आणि तेलात बुडबुडा वर चढण्याचा वेग त्याच्या व्यासाच्या वर्गावर अवलंबून असतो. दहापट लहान बुडबुड्याला तेवढेच अंतर चढायला शंभरपट वेळ लागतो. घाई केली, तर पंप तोच दुधाळ फेस पुन्हा ओढून घेतो. शिवाय काही हवा तेलात विरघळलेली असते. नेहमीच्या वातावरणीय दाबाला खनिज तेल आपल्या आकारमानाच्या नऊ-दहा टक्के हवा विरघळवून ठेवते आणि दाब वाढला की त्याच प्रमाणात आणखी सामावून घेते. विरघळलेल्या हवेचा त्रास नसतो. पण दाब एकदम उतरला, की सोड्याच्या बाटलीचे बूच उघडावे तशी ती बुडबुड्यांच्या रूपात बाहेर येते. त्यामुळे काम झाल्यावर गाडी रात्रभर खाली बसवून ठेवणे आणि सकाळी पुन्हा दोन-तीन फेऱ्या करणे हा जुन्या मंडळींचा रिवाज शास्त्राला धरूनच आहे.

उंची बदलणारी प्रत्येक गाडी इतकी सोयीची नसते. टोयोटा लँड क्रूझरच्या १०० मालिकेतील काही गाड्यांतही तेल आणि वायूच्या गोळ्यांनी उंची बदलते, पण तिथे भाराचा मोठा वाटा पुढे टॉर्शन बारवर (पिळला जाऊन स्प्रिंगचे काम करणाऱ्या पोलादी दांड्यावर) आणि मागे कॉइल स्प्रिंगवर असतो. तिथे प्रत्येक चाकाच्या शाखेवर स्वतंत्र निपल आहे आणि हवा तिथूनच काढतात.

सिट्रोएनच्या ब्रेकला मात्र निपलशिवाय गत्यंतर नाही, आणि ते काम सर्वांत शेवटी येते. जीएस, सीएक्स आणि बीएक्समध्ये मागच्या ब्रेकला दाब मागच्या सस्पेन्शनमधून मिळतो, म्हणून सस्पेन्शनमधली हवा गेल्याशिवाय मागचा ब्रेक शुद्ध होणेच शक्य नाही. निपलला पारदर्शक नळी लावून तिचे दुसरे टोक बाटलीतल्या तेलात बुडवतात, एक जण पेडल हलकेच दाबून धरतो आणि दुसरा निपल अर्धा फेरा सैल करतो. पेडल वरखाली मारावे लागत नाही. दाब पंपाचा असल्याने तेल स्वतःच वाहते. आधी पांढरट फेस येतो, मग मोहरीएवढ्या बुडबुड्यांची माळ, मग मधूनच एखादा चुकार बुडबुडा, आणि शेवटी नळीत हिरव्या तेलाची अखंड, काचेसारखी स्वच्छ रेघ उरते.

तेल हिरवे का, हेही महत्त्वाचे आहे. सुरुवातीच्या गाड्यांतले तेल हवेतली ओल शोषून घेई आणि आतले भाग गंजत. १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धात त्याच्या जागी एलएचएम हे हिरवे खनिज तेल आले. त्याच्या ऐवजी साधे ब्रेक ऑइल ओतले, तर रबरी सील फुगून साऱ्या यंत्रणेची वाट लागते. जुन्या डीएसमध्ये लाल द्रव असेल, तर तिच्यात हिरवेही चालत नाही.

आणखी एक गोष्ट कळकळीने सांगावीशी वाटते. कुठलाही स्क्रू सैल करण्यापूर्वी गाडी भक्कम घोड्यांवर, म्हणजे लोखंडी आधारांवर, टेकवलेली असलीच पाहिजे, कारण दाब गेला की एक टनाहून जड गाडी क्षणार्धात खाली बसते आणि तिच्याखाली हात-डोके असेल तर सुटका नसते. दाबाखालची नळी सैल करून तिच्यावर बोट ठेवणे तर त्याहून घातक. सुईसारखी बारीक धार कातडी भेदून आत शिरते, वर फक्त टाचणीएवढी खूण दिसते, आणि दुखत नसले तरी तडक शस्त्रक्रियेसाठी रुग्णालय गाठावे लागते.

सारे आटोपल्यावर इंजिन चालू ठेवून गाडी सर्वांत वरच्या उंचीवर नेतात आणि टाकीतल्या तेलाची पातळी त्याच स्थितीत पाहतात, कारण तेव्हाच अधिकात अधिक तेल चाकांपाशी गेलेले असते. खाली बसलेल्या गाडीची टाकी भरलेली पाहून समाधान मानले, तर गाडी उठताच नळीचे तोंड उघडे पडते आणि पंप पुन्हा हवा घेतो. पातळी खुणेवर असेल, टाकीतल्या तेलावर फेस नसेल, आणि नियंत्रकाचा टक् असा आवाज दर दोन-चार सेकंदांऐवजी निवांतपणे, अर्ध्या मिनिटाने किंवा त्याहून उशिरा येत असेल, तर झाकण लावायला हरकत नाही.