कॅनाबिजेरॉल (सीबीजी)

भांगेच्या झाडात आढळणारे, नशा न आणणारे एक संयुग. राफेल मेशुलम आणि येहिएल गाओनी यांनी १९६४ मध्ये इस्रायलमध्ये ते वेगळे केले. त्याच वर्षी या दोघांनी नशा आणणारे टीएचसीही शुद्ध रूपात मिळवले, आणि पुढे कित्येक वर्षे सगळ्यांचे लक्ष तिकडेच राहिले.

मादी झाडाचा फुलोरा भिंगाखाली धरला की टाचणीसारख्या, देठावर गोल डोके असलेल्या चिकट ग्रंथी दिसतात. त्यांच्या राळेत झाड आधी कॅनाबिजेरॉलिक आम्ल बनवते. मग निरनिराळी विकरे (एन्झाइम) त्याच्यापासूनच टीएचसी आणि सीबीडी, सीबीसी ही भांगेतली दुसरी संयुगे यांची आम्ले घडवतात. फुलोरा पक्व होईतो मूळ आम्ल जवळजवळ संपलेले असते. जे उरते त्याचे तापवल्यावर सीबीजी होते. म्हणून वाळलेल्या मालात ते बहुधा एक टक्क्याच्या आतच सापडते. फ्रान्समधल्या सँथिकासारख्या, धाग्यासाठी लावल्या जाणाऱ्या भांगेच्या जातींत मात्र हे रूपांतर अडते आणि सीबीजी साठून राहते.

खानदेशात गांजा म्हटले की आठवतात ते शिरपूर तालुक्यात, सातपुड्याच्या पायथ्याशी, तूर-कपाशीच्या आड लावलेल्या पिकावरचे पोलिसांचे छापे. ब्रिटिश अमदानीत शेजारच्या निमाडात, खंडव्याकडे, ही शेती सरकारी परवान्याने चाले. बी धरू नये, राळ वाढावी म्हणून गांजा पिकवणारे नर झाडे उपटून टाकतात. अशा मालात भरते ते मुख्यतः टीएचसी, सीबीजी नावापुरतेच. तेव्हा सीबीजीचे गुण सांगून गांजाची तरफदारी करण्यात काही अर्थ नाही. (अंबाडीची फाटलेली पाने भांगेसारखी दिसतात खरी, पण ती कपाशी-भेंडीच्या कुळातली, तिच्या भाजीत यातले काहीही नसते.)

औषधी गुणांचा पुरावा अजून तोकडा आहे. उंदरांमध्ये मोठ्या आतड्याचा दाह सीबीजीने कमी झाला. प्रतिजैविकांना न जुमानणाऱ्या स्टॅफिलोकॉकस जंतूवरही ते उंदरांत परिणामकारक ठरले. माणसांवरील मोजक्या चाचण्यांपैकी अमेरिकेतली एक २०२४ मध्ये प्रसिद्ध झाली: ३४ जणांना २० मिलिग्रॅम सीबीजी दिल्यावर त्यांनी चिंता व ताण कमी झाल्याचे सांगितले, नशा जाणवली नाही. पण हे सगळे आधीपासून गांजा घेणारे होते आणि मात्रा एकदाच दिलेली होती. संधिवात, मधुमेह, कर्करोग यांवर रामबाण म्हणून होणारी जाहिरात एवढ्या आधारावर टिकत नाही. सीबीजी पेशींवरील आल्फा-२ या ग्राहींवर (रिसेप्टरवर) काम करते, आणि रक्तदाब उतरवणारे क्लोनिडीनही त्यांवरच. त्यामुळे रक्तदाबाच्या गोळ्या चालू असलेल्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय ते घेऊ नये.

झाडात सीबीजी कितीही असो, विनापरवाना लागवड १९८५ च्या अमली पदार्थ कायद्याखाली गुन्हाच आहे. भांगेचे बी, बियांचे तेल व पीठ यांना २०२१ मध्ये अन्न म्हणून मान्यता मिळाली. पण बियांत राळग्रंथी नसतात, त्यामुळे सीबीजीसाठी हे तेल विकत घेणे म्हणजे पैसे वाया घालवणे.